गाडी देशी, मालकी कुणाची?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेलं आणि ‘स्वदेशी’ हा शब्द पुन्हा एकदा माळ्यावरून खाली काढला गेला. पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून स्वदेशीची हाक दिली, दुकानदारांनी स्वदेशी मालाचे फलक लावावेत असं सांगितलं. पाठोपाठ २२ सप्टेंबरला, बरोबर घटस्थापनेच्या दिवशी, लहान मोटारींवरचा वस्तू आणि सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मग काय विचारता! दसऱ्याला शोरूमबाहेर गर्दी, बॉनेटवर झेंडूचे हार, चाकाखाली लिंबू, आणि जाहिरातींतून देशाचा अभिमान.

कुठली गाडी खरी देशी यावर घराघरांत वाद झडले. टाटा की महिंद्रा, मारुती देशी धरायची की जपानी, ह्युंदाई घेणारा देशद्रोही की शहाणा. हे वाद मी बऱ्याच घरांत ऐकले. वाद घालणारे सासरे होते, दीर होते, जावई होते, बारावीतला मुलगाही होता. घरातली बाई बहुतेक वेळा चहाचा ट्रे घेऊन आली आणि गाडीच्या रंगाबद्दल तिचं मत विचारलं गेलं. रंग तिच्याकडे आणि राष्ट्र त्यांच्याकडे, अशी ही श्रमविभागणी आहे. मैत्रिणींनो, या वादात आपण पडायचं की नाही हा प्रश्न नंतरचा. आधी वाद नेमका कशावर चालला आहे ते तरी पाहू.

त्याच ऑगस्टमध्ये गुजरातमधल्या हंसलपूरला, सुझुकीच्या कारखान्यात, पंतप्रधानांनी स्वदेशीची व्याख्या केली. पैसा कुणाचाही असो, घाम भारतीयांचा असला की ती वस्तू स्वदेशी, असा तिचा आशय होता. व्याख्या सोयीची आहे, आणि मारुतीपुरती ती खरीही आहे. १९७१ मध्ये संजय गांधींच्या जनता गाडीसाठी निघालेली कंपनी बुडाली. १९८१ मध्ये सरकारने मारुती उद्योग उभा केला, १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला, आणि १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या ग्राहकाच्या हातात किल्ली ठेवली. पहिल्या गाड्यांचे बरेचसे भाग जपानहून येत होते. २००७ मध्ये सरकारने आपला उरलेला हिस्साही विकून टाकला. हनुमंताचं नाव तेवढं राहिलं.

त्याआधीची अँबॅसेडर तरी कुठे आपली होती? ती इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. बंगालमध्ये उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सने ती २०१४ पर्यंत काढली आणि २०१७ मध्ये तिचं नाव फ्रेंच कंपनीला विकलं गेलं. आपल्या मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी ही वालचंद हिराचंदांच्या कारखान्यातली, पण मुळात इटलीची फियाट. या गाडीला चितोडच्या ज्या राणीचं नाव दिलं तिची कथा तुम्हाला माहीत आहे. शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तिने स्वतःला जाळून घेतलं, म्हणून ती राष्ट्राचा अभिमान! इटालियन यंत्राला देशी करायला एका जळालेल्या बाईचं नाव पुरलं, आणि आपण सगळ्याजणी वर्षानुवर्षं त्या टॅक्सीत बसून दादर-परळ केलं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली तेव्हा केवढे गहिवर दाटून आले होते. नावाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

स्वदेशी या शब्दाचा मला राग नाही, हे स्पष्ट करते. १९३० मध्ये मुंबईच्या बायका परदेशी कापडाच्या दुकानांसमोर निरोधन करायला उभ्या राहिल्या, तुरुंगात गेल्या. उंबरठा ओलांडायला ज्यांना दुसरं कुठलंही कारण मिळालं नसतं त्यांना स्वदेशीने ते दिलं. जाडीभरडी, जड आणि महाग खादीची साडी नेसून घरातली कामं उरकण्याचा भार त्यांच्यावरच पडला हेही खरं, पण त्या चळवळीत त्यांचं निदान काही काम होतं. दुकानात काय घ्यायचं आणि काय नाही हे ठरवणाऱ्या त्या होत्या. मोटारीच्या स्वदेशीत बाईला काय काम आहे? आरतीचं ताट धरायचं आणि फोटोत डावीकडे उभं राहायचं.

बाईच्या हाती खरोखर चाक आलं ते मोटारीमुळे नाही, दुचाकीमुळे. फिरोदियांनी १९७२ मध्ये लूना बाजारात आणली, तिचं मूळ इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या मोपेडमध्ये. मग १९८४ मध्ये जपानी होंडाशी भागीदारी करून कायनेटिक होंडा आली. तिला गिअर बदलावे लागत नव्हते आणि किक मारावी लागत नव्हती, बटण दाबलं की सुरू. पुण्यातल्या शिक्षिका, नर्सबाया, बँकेतल्या कारकून, कॉलेजच्या मुली या गाड्यांवर बसल्या, तोंडाला ओढणी गुंडाळली आणि कुणाच्या भावाची वाट न पाहता कामाला गेल्या. यंत्र अर्धं इटालियन होतं की जपानी, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर त्या हसल्या असत्या. याउलट आपल्या अस्सल देशी बजाजचं पाहा. ‘हमारा बजाज’ ही १९८९ ची जाहिरात सगळ्या देशाला आपली वाटली. त्याच कंपनीने २००१ मध्ये पल्सर मोटरसायकल काढली तेव्हा ती ‘नक्कीच पुरुष’ आहे अशी जाहिरात केली. ‘हमारा’ म्हणजे कुणाचा, याचं उत्तर बारा वर्षांत मिळालं म्हणायचं.

आता मोटार घेणारे किती, तेही पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १०० कुटुंबांपैकी ८ घरीसुद्धा मोटार नव्हती. गोव्यात हे प्रमाण ४५ च्या आसपास आहे, महाराष्ट्रात ९ च्या. ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांच्या घरातही ती चालवणारी बाई विरळाच. २०२० च्या सुमारास देशातल्या वाहन परवान्यांपैकी साधारण ७ टक्केच बायकांच्या नावावर होते. म्हणजे आजचं देशाभिमानाचं हे भांडण मूठभर घरांतलं आणि त्या घरांतल्या पुरुषांचं आहे. उरलेल्या बायकांचा देश एसटीच्या फलाटावर उभा आहे. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीचं अर्धं तिकीट झालं तेव्हा बायका बाजाराला, दवाखान्यात, माहेरी, देवाला किती निघाल्या ते कुठल्याही तालुक्याच्या स्थानकावर दिसतं. १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली गाडी सोडणारी ही एसटी आपल्या राज्याने उभारलेली आहे. तिच्या मोडक्या खिडक्यांबद्दल आणि फलाटावरच्या संडासांबद्दल कुणाचा राष्ट्राभिमान दुखावला जातो का?

रतन टाटांनी नॅनोची कल्पना कशी सुचली ते सांगितलं होतं. पावसात स्कूटरवरून जाणारं एक कुटुंब त्यांनी पाहिलं. नवरा चालवतोय, पुढे मूल उभं, मागे बायको, तिच्या मांडीवर दुसरं मूल. हे चित्र आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे आणि त्यांच्या मनात आलेली कणव खरी असणार याबद्दल मला शंका नाही. पण त्या कणवेतून जी लाख रुपयांची गाडी निघाली तिच्यासाठी पश्चिम बंगालमध्ये सिंगूरला ९९७ एकर जमीन घेतली गेली, आणि त्या जमिनीवर राबणाऱ्या बायका कुणाच्याच चित्रात नव्हत्या. सातबाऱ्यासारख्या कागदांवर त्यांची नावं नव्हती, त्यामुळे मोबदल्यातही नव्हत्या. शेतमजूर, वाटेकरी, भाजीपाला विकणाऱ्या या बायका २००६ मध्ये झाडू आणि कोयते घेऊन कुंपणाच्या समोर उभ्या राहिल्या, लाठ्या खाल्ल्या, लहान मुलांसकट अटकेत गेल्या. डिसेंबर २००६ मध्ये या आंदोलनातल्या एका किशोरवयीन मुलीचं जळालेलं प्रेत प्रकल्पाच्या जमिनीवर सापडलं.

त्या वेळी देशभर चर्चा काय होती, आठवतं? बंगालने देशाचा अभिमान घालवला. ऑक्टोबर २००८ मध्ये टाटांनी सिंगूर सोडलं आणि कारखाना गुजरातेत साणंदला गेला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये ते भूसंपादन रद्द केलं आणि जमीन परत करायला सांगितली. नॅनोचं उत्पादन २०१८ मध्ये थांबलं. २०२३ मध्ये लवादाने बंगालच्या औद्योगिक महामंडळाला टाटांना ७६५ कोटींच्या वर भरपाई देण्याचा आदेश दिला. कंपनीचा तोटा मोजला गेला, तो आकडा रुपयांपर्यंत काढता आला. काँक्रीट ओतलेल्या त्या शेतात पुन्हा भात कसा लावायचा आणि मधल्या दहा वर्षांत बायकांची किती रोजंदारी बुडाली, याचा हिशेब कुठल्या लवादापुढे गेलाच नाही.

घामाकडे परत येऊ, कारण व्याख्येत तोच महत्त्वाचा शब्द आहे. घाम कुणाचा?

१९७४ मध्ये टेल्कोने पुण्यासाठी इंजिनिअरांच्या जागांची जाहिरात दिली आणि तळाला लिहिलं की महिलांनी अर्ज करू नयेत. तेव्हा शिकत असलेल्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला, आणि त्या कंपनीच्या कारखान्यात काम करणाऱ्या पहिल्या महिला इंजिनिअर झाल्या. ही गोष्ट आता शाळेतल्या भाषणांत सांगितली जाते. ती सांगताना एक भाग गाळला जातो: देशाचा अभिमान असलेल्या कंपनीलाही, कुणी पोस्टकार्ड टाकेपर्यंत, निम्मा देश आपल्या दारात नाही हे खटकलं नव्हतं. आता पुण्याच्या त्याच कंपनीत हॅरिअर आणि सफारी जुळवणारी निव्वळ मुलींची लाइन उभी राहिली. विदर्भ-मराठवाड्यातल्या मुली वसतिगृहात राहून तिथे काम करतात, घरी पैसे पाठवतात, लग्न दोन वर्षं पुढे ढकलतात. ही लहान गोष्ट नाही. अशा मुलींशी बोलताना त्यांच्या तोंडावर जो अभिमान दिसतो तो मला कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरा वाटतो.

पण मोठ्या कंपनीच्या चकचकीत लाइनवर गाडी फक्त जुळते. तिचे हजारो सुटे भाग घडतात ते लहान कारखान्यांत, चाकण-भोसरीपासून मानेसर-फरिदाबादपर्यंत. तिथे ठेकेदाराची माणसं असतात, पगाराची चिठ्ठी असतेच असं नाही. पॉवर प्रेसखाली बोटं जाणं हे तिथलं नेहमीचं दुखणं. हरियाणात या जखमी कामगारांसाठी काम करणारी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून दरवर्षी त्यावर अहवाल काढते आहे. तिच्याकडे आलेल्या जखमींची संख्या हजारांत आहे. अशा बोटं गेलेल्या माणसाच्या घरी काय होतं ते आपल्या कार्यकर्त्यांना वेगळं सांगायला नको. त्याचं जेवण भरवणं, ड्रेसिंग, राज्य विमा रुग्णालयातल्या खेपा आणि त्याच्या रागाचा मार, हे सगळं एकीच्या वाट्याला येतं आणि दोन घरची धुणीभांडी वाढतात. देशी गाडीतला हा घाम कुठल्याच व्याख्येत बसत नाही. बाकी, परदेशी मालकाच्या गाडीतही हेच भाग आणि हीच बोटं असतात.

गाडीवरचा राष्ट्राभिमान चिघळला की तो कुठे जातो याचं एक उदाहरण आपल्या देशाबाहेरचं आहे. १९८० च्या सुमाराला अमेरिकेत डेट्रॉइटचे मोटारींचे कारखाने मंदीत होते, कामगारांना घरी पाठवलं जात होतं आणि दोष जपानी गाड्यांना दिला जात होता. जून १९८२ मध्ये व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला, लग्न काही दिवसांवर आलेलं असताना, दोन गोऱ्या पुरुषांनी बेसबॉलच्या बॅटने मारलं. एक क्रायस्लरच्या कारखान्यात मुकादम होता, दुसरा त्याचा सावत्र मुलगा, नोकरी गेलेला. आमच्या नोकऱ्या तुमच्यामुळे गेल्या, असं त्याला ऐकवलं गेल्याची साक्ष झाली. मारेकऱ्यांना शिक्षा काय, तर तीन वर्षांची देखरेख आणि तीन हजार डॉलर दंड. त्याची आई लिली चिन कारखान्यात राबलेली, तुटकं इंग्रजी बोलणारी बाई होती. ती सभांतून उभी राहिली, गावोगाव बोलली, आणि तिच्यामुळे आशियाई अमेरिकनांची मोठी चळवळ उभी राहिली. न्याय मात्र मिळाला नाही. शेवटी १९८७ मध्ये ती चीनला परत गेली. ज्या व्यवस्थापनाने कामगारांना काढलं त्याच्या अंगाला कुणी हात लावला नव्हता. आपल्याकडेही गाडीवरून ‘आपला’ आणि ‘परका’ असं सुरू झालं की मला ती आई आठवते.

आता ज्या कारणासाठी हे सगळं लिहायला घेतलं तिकडे वळते. आपल्या देशात मोटार खरेदी होते ते सर्वात मोठं निमित्त कुठलं? पगारवाढ, दसरा-पाडवा, आणि लग्न. मंडपाच्या दारात, फिती बांधलेली, वर मोठा लाल गुच्छ असलेली मोटार आता तालुक्याच्या लग्नातही दिसते. पूर्वी राजदूत किंवा हिरो होंडा मागायचे, आता स्कॉर्पिओ मागतात. मागतात असं म्हणायचं नाही, ‘मुलीच्या वडिलांची हौस’ असं म्हणायचं.

केरळात कोल्लम जिल्ह्यात आयुर्वेद शिकणाऱ्या एका विवाहितेने जून २०२१ मध्ये सासरी गळफास घेतला. लग्नात तिच्या घरच्यांनी १०० पवन सोनं, एक एकराहून अधिक जमीन आणि एक मोटार दिली होती. नवऱ्याला ती मोटार पसंत नव्हती. हा नवरा कोण, तर मोटार वाहन खात्यातला साहाय्यक निरीक्षक. सत्र न्यायालयाने मे २०२२ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. २०२५ च्या मे महिन्यात आपल्या पुण्याजवळ, मुळशी तालुक्यात, एका सुनेचा मृत्यू झाला. ५१ तोळे सोनं आणि फॉर्च्युनर गाडी दिल्यानंतरही छळ थांबला नाही अशी माहेरच्यांची तक्रार आहे. लग्नात त्या गाडीची किल्ली एका बड्या नेत्याच्या हातून देववली होती, तो फोटो उभ्या महाराष्ट्राने पाहिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, देशात स्वदेशीची हाक घुमत होती त्याच दिवसांत, ग्रेटर नोएडात एका विवाहितेला जाळल्याचा गुन्हा दाखल झाला. तिथे लग्नात स्कॉर्पिओ दिली होती, असं तिच्या घरचे सांगतात. फॉर्च्युनर जपानी, स्कॉर्पिओ अस्सल भारतीय. मुलींच्या बाबतीत दोन्हींनी काय फरक पडला?

स्वदेशीची इतकी भाषणं झाली, त्यांतल्या एकातही कुणी म्हटलं नाही की देशी गाडी घ्या, पण हुंड्यात देऊ नका, घेऊ नका. म्हणणार कसं? लग्नसराई हा गाडी विक्रीचा हंगाम आहे.

सल्ला केंद्रात आम्ही बायकांच्या वस्तूंची यादी करायला बसतो तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सोनं तिला ग्रॅमपर्यंत पाठ असतं. कपाट, फ्रिज, गॅसची शेगडी, पितळेची भांडी, सगळं सांगते. मोटारीपाशी आली की थांबते. “ती त्यांच्या नावावर आहे ना ताई.” पैसे कुणी दिले? “बापाने. एक एकर विकलं.” किंवा, “दादाने कर्ज काढलंय, अजून हप्ते चालू आहेत.” पावती कुठे आहे? माहीत नाही. घरात सर्वात महागडी वस्तू तीच, तिच्या माहेराच्या पैशातून आलेली, आणि तिच्यावरच तिचा हक्क नाही अशी तिची स्वतःचीच समजूत असते. पोलीस ठाण्यातही तेच ऐकवतात: आरसी बुक नवऱ्याच्या नावाचं आहे, आम्ही काय करणार? काही जणींच्या बाबतीत उलटा प्रकार असतो. नोकरी करणाऱ्या बायकोच्या नावावर कर्ज असतं, गाडी तो घेऊन जातो आणि बँकेची वसुलीची माणसं तिच्या दारात येतात. पावसापाण्यात मुलाला रिक्षाने दवाखान्यात नेणारी बाई महिन्याला गाडीचा हप्ता भरत असते, असंही पाहिलं आहे.

कायदा इथे अगदीच मुका नाही. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या कलम ६ प्रमाणे विवाहितेखेरीज कुणीही घेतलेला हुंडा तीन महिन्यांच्या आत तिच्याकडे सोपवावा लागतो. तो तिच्या हितासाठी सांभाळलेला ठेवा समजला जातो, घेणाऱ्याच्या मालकीचा होत नाही. लग्नानंतर सात वर्षांच्या आत तिचा अनैसर्गिक मृत्यू झाला तर तो तिच्या मुलांकडे आणि मुलं नसतील तर तिच्या आईवडिलांकडे गेला पाहिजे. मोटार याला अपवाद नाही. अडचण पुराव्याची असते, आणि पुरावा लग्नाच्या गडबडीत कुणी ठेवत नाही, कारण हिशेब मागणं म्हणजे अपशकुन.

“मग मुलीच्याच नावावर गाडी द्यावी का?” असं एका गटातल्या बाईंनी मला विचारलं. माझं मत, देऊच नये. मागणीवरून दिलेली गाडी हुंडाच आहे, ती कुणाच्याही नावावर असो, आणि हुंडा देणं हाही गुन्हा आहे. एवढी रक्कम असेल तर मुलीच्या शिक्षणाला किंवा तिच्या नावच्या खोलीला लावावी. २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. बापाच्या हौसेला तिथे भरपूर वाव आहे.

गाडीबद्दल अभिमान बाळगावा असं काहीच नाही का? आहे. जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्या आपटून पाहिल्या. देशी-परदेशी पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले, नॅनोही त्यात होती. त्यानंतर डिसेंबर २०१८ मध्ये टाटांच्या नेक्सनला पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला प्रथमच. यात माणसं वाचतात, म्हणून ते कौतुकाचं. पण इथेही एक खोच आहे. चाचणीत सीटवर बसवतात ती बाहुली सरासरी पुरुषाच्या मापाची, साधारण पावणेसहा फूट आणि ७८ किलोची. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपला ‘भारत एनकॅप’ सुरू झाला तेव्हाच्या नियमावलीतही समोरून धडकेच्या चाचणीसाठी पुढच्या दोन्ही सीटवर तीच बाहुली होती. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की पट्टा बांधलेला असूनही समोरून धडक बसल्यावर बाईला गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषापेक्षा ७३ टक्क्यांनी जास्त असते. आपल्या देशातली बाई तर त्या बाहुलीपेक्षा बरीच बुटकी आणि हलकी. राष्ट्राची गाडी बनवताना राष्ट्राचं शरीर म्हणून कुणाचं शरीर धरलं, हे विचारण्यासारखं आहे. ग्राहक म्हणून हा प्रश्न शोरूममध्ये मोठ्याने विचारा. विक्रेत्याचा चेहरा पाहण्यासारखा होईल.

येत्या लग्नसराईत आपल्या गटांनी एक काम नक्की हाती घ्यावं. भेटवस्तूंची यादी करण्याचे नियम १९८५ पासून अस्तित्वात आहेत. वस्तू कुठली, अंदाजे किंमत किती, कुणी दिली, त्याचं नातं काय, हे लिहून वधू आणि वर दोघांनी सह्या करायच्या. याचा छापील नमुना प्रत्येक बैठकीत वाटावा आणि भरून दाखवावा. बऱ्याच बाया तो पहिल्यांदाच पाहतील. ज्यांच्या लग्नात गाडी दिलीच गेली आहे त्यांनी शोरूमची पावती, पैसे दिल्याचा बँकेचा उतारा, जमीन विकली असेल तर त्या व्यवहाराचा कागद, कर्ज असेल तर हप्त्यांचं पुस्तक आणि आरसीची झेरॉक्स गोळा करावी. मुलींनी गाडी चालवण्याचा परवाना लग्नाआधी काढावा. छळाची तक्रार करायची वेळ आली तर १ जुलै २०२४ पासून जुन्या ४९८ अ च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आणि विश्वासघाताने वस्तू अडकवून ठेवल्याबद्दल कलम ३१६ लागतं, हे आकडे आपल्या कार्यकर्त्यांच्या वहीत असू द्यावेत. यादीच्या आणि कागदांच्या दोन प्रती कराव्यात. एक प्रत मुलीच्या आईकडे राहू द्यावी, सासरी जाणाऱ्या पेटीत दोन्ही ठेवू नयेत.